जाड ऑइलचा मोह

आमच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, "चांगलं ऑइल कुठलं?" आणि दुसरा, "कितीला?" गाडी कुठली, कोणत्या सालची, पेट्रोल की डिझेल, हे आपणहून फारसं कुणी सांगत नाही. मलाच एकेक करून काढून घ्यावं लागतं. गाडी कळल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही असं म्हटलं की काही जण वैतागतात. शेठ आता महागाचा डबा गळ्यात मारणार, असा भाव त्यांच्या तोंडावर दिसतो.

दुकान कराडात, महामार्गाच्या सर्व्हिस रोडला. ऑइल, फिल्टर, प्लग, बेल्ट असला माल. मागच्या अंगाला रॅम्प आहे. इथून ऑइल घेतलं की तिथेच बदलून मिळतं. दुकान टाकण्याआधी मी गॅरेजात पोऱ्या होतो, मग फिटर झालो. त्यामुळे ऑइल इंजिनात जाताना आणि बाहेर येताना, दोन्ही वेळा बघायची सवय अजून आहे. पाटण-ढेबेवाडीकडची वडापवाली, उसाच्या हंगामात दिवसरात्र पळणारी पिकअपवाली, कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाणारी, पुण्यातून सुट्टीला आलेली नोकरदार पोरं, महिन्यातून एकदाच गाडी काढणारे पेन्शनर, सगळे याच काउंटरवर येतात. गाड्या वेगळ्या आणि वापर वेगळा, पण गैरसमज बहुतेक एकच: ऑइल जितकं जाड तितकं चांगलं.

ऑइल पारखायची आमच्याकडची जुनी रीत बोटांची. पट्टी ओढायची, टोकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरायचा, चोळायचा आणि बोटं अलगद फाकवून तार सुटते का ते बघायचं. तार धरली तर ऑइल दमदार, नाहीतर पाणी. जुने बहुतेक मिस्त्री याच रीतीवर शिकले, मीही शिकलो. त्यांच्यातलेच एक तात्या. जीप आणि ॲम्बॅसिडरवर हात बसलेला माणूस. बॉनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून कुठल्या सिलिंडरचा टॅपेट सैल झालाय ते सांगतील. ते एकदा पुतण्याची नवी पेट्रोल हॅचबॅक घेऊन आले. मी ०डब्ल्यू-२० चा डबा पुढे ठेवला. तात्यांनी झाकण उघडून थेंब बोटावर घेतला, चोळला आणि माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी दुधात पाणी घातलंय.

"आरं, ह्ये ऑइल हाय का पानी? पोराची गाडी मोडायची हाय व्हय? ट्वेंटी-फिफ्टी काढ."

"तात्या, पुस्तकात झिरो-ट्वेंटी लिहिलंय."

"पुस्तक लिवणाऱ्यानं कुंभार्ली बघितलाय का?"

या माणसाला अडाणी म्हणून मोडीत काढणं सोपं आहे, पण ते खरं नाही. तात्यांची अक्कल त्यांच्या इंजिनांनी घडवलेली आहे. ॲम्बॅसिडर, प्रीमियर पद्मिनी, जुनी जीप यांत २०डब्ल्यू-४० जायचं, त्याआधी नुसतं ४० नंबरचं मोनोग्रेड. त्या इंजिनांचं मशिनिंग आजच्यासारखं नेमकं नव्हतं, बोर आणि पिस्टनमधली फट मोठी असायची, सील गळायचे. चालून चालून रिंगा झिजल्या की गाडी ऑइल खायला लागायची. अशा इंजिनात जाड ऑइल टाकलं की धूर कमी, गळती कमी, ऑइल प्रेशरचा काटा वर. मिस्त्रीला हे डोळ्यांनी दिसायचं आणि मालक खूश व्हायचा. वर्षानुवर्षं डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट डब्यावरच्या एका ओळीने पुसली जात नाही.

मी त्यांना बसवलं, चहा सांगितला आणि ड्रॉवरमधून दोन माहितीपत्रकं काढली. प्रत्येक कंपनी आपल्या ऑइलचं असं पत्रक देते आणि त्यात दोन तापमानांचा दाटपणा छापलेला असतो, ४० अंश सेल्सिअस आणि १०० अंश सेल्सिअस. मोजमाप सेंटिस्टोकमध्ये. ०डब्ल्यू-२० ऑइल ४० अंशांना साधारण चाळीस-पंचेचाळीस भरतं, १०० अंशांना आठ-साडेआठ. २०डब्ल्यू-५० ऑइल ४० अंशांना दीडशेच्या वर, तर १०० अंशांना अठराच्या आसपास. एप्रिलमधल्या दुपारी कराडात बोटावर घेतलेला थेंब जवळजवळ चाळीस अंशांचाच असतो. इंजिन तापल्यावर मात्र ऑइल नव्वद, शंभर, कधी त्याहून जास्त अंशांवर फिरत असतं.

"तात्या, तुमच्या जीपमध्ये तापलेलं ट्वेंटी-फिफ्टी अठरावर असतं. आत्ता तुमच्या बोटावरचं हे झिरो-ट्वेंटी चाळीसवर आहे. म्हणजे ज्याला तुम्ही पाणी म्हणताय, ते तुमच्या जीपमध्ये पळणाऱ्या ऑइलपेक्षा दुपटीने जाड आहे."

तात्यांनी पत्रक चष्म्याजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंग बोटाला काय कळतं म्हनायचं?" मी म्हटलं, बोटाला गार ऑइल कळतं. इंजिनाला गार ऑइल नकोच असतं.

डब्यावरचे आकडे समजून घ्यायला एवढं पुरेसं आहे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा, तो जितका लहान तितकं गार इंजिनात ऑइल लवकर वर चढतं. नंतरचा आकडा १०० अंशांवरच्या दाटपणाचा गट सांगतो. २० चा गट ६.९ पासून ९.३ पर्यंत, ३० चा तिथून १२.५ पर्यंत, ४० चा १६.३ पर्यंत, ५० चा २१.९ पर्यंत. हे गट एसएई या अमेरिकी संस्थेने ठरवून दिलेत आणि जगभर तेच चालतात. म्हणून कुठल्याही कंपनीचं ५डब्ल्यू-३० या बाबतीत एकाच मापात बसतं. सर्वो असो, मॅक असो, कॅस्ट्रॉल असो की मोबिल.

पुढचा आक्षेप नेहमी उन्हाचा येतो. "हे आकडे थंड देशांसाठी. आपल्याकडे चाळीस-बेचाळीस पारा, इथं जाडच पाहिजे." ऐकायला पटतं. पण इंजिनात थर्मोस्टॅट असतो. बाहेर महाबळेश्वरची थंडी असो की चंद्रपूरचा उन्हाळा, तो कूलंट नव्वद अंशांच्या आसपास राखायचा प्रयत्न करतो आणि ऑइलचं तापमानही त्याला धरूनच राहतं. बाहेरच्या दहा-पंधरा अंशांचा फरक आत तेवढाच्या तेवढा पोहोचत नाही. आपल्याकडे गोठवणारी थंडी नाही हे खरं, पण सकाळचा पहिला स्टार्ट आपल्याकडेही असतो. रात्रभर उभ्या गाडीतलं सगळं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. सेल्फ मारला की पंप ते ओढतो आणि कॅमपर्यंत पोहोचवतो. तोवरचे काही क्षण झिजेचे असतात. जाड ऑइल तिथे उशिरा पोहोचतं.

शिवाय आताच्या इंजिनात ऑइलची कामं वाढली आहेत. तात्यांच्या काळात ते वंगण करायचं, थोडं थंड करायचं आणि काजळी धरून ठेवायचं. आता व्हॉल्व्हचं टायमिंग पुढेमागे करणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालते. कित्येक इंजिनांत टॅपेटची फट ऑइल स्वतःच भरून काढतं, टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर उभा असतो. या यंत्रणांची छिद्रं सुईच्या नेढ्याएवढी आणि बेअरिंगच्या फटी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायच्या. ज्या दाटपणाचं ऑइल धरून त्यांची मापं ठरवली, ते सोडून आपण दुसरं टाकलं की गाडी लगेच बंद पडत नाही. पिकअप मंदावतो, ॲव्हरेज थोडं घसरतं, सकाळी आवाज येतो. मालक पेट्रोलपंपाला शिव्या देतो.

टेन्शनरवरून एक गाडी आठवते. डिझेल हॅचबॅक, टूरवर चालणारी. तक्रार साधी होती. सकाळी स्टार्ट केली की चार-पाच सेकंद खडखड, मग आवाज जातो. मालकाने आधी दोन ठिकाणी दाखवली होती. कुणी म्हणे टॅपेट, कुणी म्हणे इंजेक्टर. रॅम्पवर घेऊन मी ड्रेन नट सोडला, तर ऑइल धारेने यायच्या ऐवजी घरंगळत आलं. पट्टीवर तर लेव्हल बरोबर दाखवत होती. चेंबर उतरवायला लावला. चेंबरच्या तळाशी काळ्या खरवसासारखा थर होता, बोट खुपसलं की खड्डा तसाच राहत होता. पंपाच्या तोंडाची जाळी बघितली, तर निम्म्याहून अधिक बुजलेली. सकाळी गार असताना त्या उरल्यासुरल्या छिद्रांतून टेन्शनरपर्यंत ऑइल पोहोचायला जो वेळ लागत होता, तेवढा वेळ चेन सैल पडून खडखडत होती.

मालकाला विचारलं, ऑइल शेवटचं कधी बदललं? तो अभिमानाने म्हणाला, "बदलायची वेळच येऊ देत नाही. कमी झालं की टाकतो. नेहमी ताजंच असतं." टाकत काय होता? बॅरलमधलं लूज ऑइल, जिथे मिळेल तिथलं, ग्रेड न विचारता. ऑइलमध्ये काजळी धुऊन काढणारी, ती तरंगत ठेवणारी, आम्ल मारणारी, झीज रोखणारी अशी रसायनं मिसळलेली असतात आणि ती हळूहळू संपतात. टॉपअप केल्याने लेव्हल भरते, संपलेली रसायनं मात्र थोडीच भरतात, आणि जमलेली घाण बाहेर पडत नाही. त्या गाडीला चेन, टेन्शनर, गाइड सगळं नवीन टाकावं लागलं. वेळेवर बदललेल्या ऑइलच्या कित्येक पट खर्च एका झटक्यात झाला. ग्रेड चुकली तर इंजिन हळूहळू बिघडतं. मुदत चुकली तर इंजिन असं बसतं.

आकड्यांनंतर येतात अक्षरं, आणि इथे भले भले गोंधळतात. डब्याच्या मागे एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेचं एक गोल चिन्ह असतं, त्यात दोन-तीन अक्षरं. एसने सुरू होणारी पेट्रोलसाठी, सीने सुरू होणारी डिझेलसाठी. एसमध्ये पुढचं अक्षर जितकं अलीकडचं, तितकी कसोटी कडक. एसएन २०१० ची, एसपी २०२० ची. एसपीला नुसता नवा शिक्का समजू नये. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनात, गाडी वरच्या गिअरमध्ये, इंजिन कमी फेऱ्यांवर आणि पाय जोरात दाबलेला असेल, तर मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटतं आणि पिस्टनला तडाखा बसतो. ऑइलमधल्या रसायनांचा यात हात असतो असं दिसून आलं, म्हणून एसपीमध्ये त्याची वेगळी चाचणी घालण्यात आली. कुंभार्ली घाटात चौथ्या गिअरमध्ये गाडी रेटणाऱ्या पोरांना मी दोन गोष्टी सांगतो: गिअर उतरवा आणि टर्बो पेट्रोलमध्ये जुन्या अक्षराचं ऑइल टाकू नका.

डिझेलवाल्यांचा गोंधळ १ एप्रिल २०२० पासून वाढला. त्या दिवसापासून देशात बीएस-६ लागू झालं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाचा काजळी गाळणारा फिल्टर आला. साठलेली काजळी गाडी अधूनमधून स्वतःच जाळून टाकते. पण ऑइलमधल्या धातूंच्या क्षारांची राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची बसते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. युरोपीय एसीईएच्या सी३ सारख्या वर्गात राखेची मर्यादा ०.८ टक्के आहे. वडापच्या जुन्या गाडीत वर्षानुवर्षं उत्तम चाललेलं जास्त राखेचं डिझेल ऑइल नव्या बीएस-६ गाडीत टाकलं, तर इंजिन तक्रार करत नाही, डीपीएफ लवकर भरतो. आणि डीपीएफची किंमत ऐकली की माणूस खुर्ची शोधतो.

या गाड्यांची आणखी एक गंमत आहे. एक शिक्षक आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. घर ते शाळा जेमतेम सहा किलोमीटर, गाडी बीएस-६ डिझेल. एकदा आले आणि म्हणाले, "तुमच्या पोराने ऑइल जास्त भरलं होतं का? लेव्हल खुणेच्या वर गेलीय." भरताना मी उभा होतो, लेव्हल बरोबर होती. पट्टी काढून नाकाशी धरली, डिझेलचा वास. काजळी जाळण्यासाठी गाडी जास्तीचं डिझेल मारते, तेवढ्यात शाळा येते, सर किल्ली फिरवतात आणि काम अर्धवट राहतं. हे रोजचं. त्यातलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरतं आणि ऑइल वाढल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात ते पातळ होत असतं. ऑइल कमी झालं की लोक घाबरतात, वाढलं की खूश होतात. डिझेलमध्ये वाढलेली लेव्हल जास्त वाईट. सरांना सांगितलं, ऑइल मुदतीआधी बदला आणि आठवड्यातून एकदा हायवेला साताऱ्यापर्यंत जाऊन या. त्यांना हा उपाय चेष्टा वाटला. पण पुस्तकातही हेच लिहिलेलं होतं, पान काढून दाखवलं.

काळ्या रंगाबद्दलही बोलायला हवं. डिझेल गाडीत नवं ऑइल टाकून शंभर-दोनशे किलोमीटर होत नाहीत तोवर ते काळं पडतं आणि मालक डबा बनावट होता म्हणून भांडायला येतो. काळं पडलं म्हणजे ऑइल काजळी धरून ठेवतंय, आपलं काम करतंय. उलट सीएनजीच्या गाडीत ऑइल दिसायला बराच काळ स्वच्छ राहतं. "बघा, अजून मधासारखं आहे," म्हणत लोक मुदत उलटून दोन-चार हजार किलोमीटर जास्त पळवतात. गॅसच्या ज्वलनात काजळी कमी, पण उष्णतेने ऑइल आतून कुजतं, आम्लं तयार होतात. रंगावरून ऑइलची परीक्षा करणं दोन्हीकडे फसवं आहे.

सिंथेटिक की साधं, हा प्रश्न आजकाल रोजचा. माझं मत सरळ आहे. नव्या गाडीला ०डब्ल्यू-२०, ०डब्ल्यू-१६ अशी ग्रेड लागत असेल, तर प्रश्नच उरत नाही. एवढं पातळ आणि तरी टिकाऊ ऑइल साध्या खनिज तेलापासून बनतच नाही, ते सिंथेटिकच असतं. टर्बो असेल, घाटाचा वापर असेल, उसाच्या रांगेत तासन्‌तास इंजिन चालू राहत असेल, तर सिंथेटिकचे जास्तीचे पैसे वसूल होतात. ते उष्णतेने लवकर कुजत नाही. पण दारात उभी असलेली जुनी गाडी, महिन्यातून दोनदा बाजाराला जाणारी, तिच्यात साधं चालतं. तिथे भारी ऑइलच्या हौसेपेक्षा किलोमीटर भरले नसले तरी वर्षाला बदलणं महत्त्वाचं. ओलावा आणि पेट्रोल चेंबरमध्ये साठतं ते गाडी कमी चालल्यावरच जास्त. बऱ्याच पेट्रोल गाड्यांच्या पुस्तकात दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं आधी येईल ते, असं लिहिलेलं असतं. त्याच्या खाली बारीक अक्षरांत धूळ, छोट्या फेऱ्या, जादा ओझं असेल तर लवकर बदला असंही असतं. आमच्या भागातल्या निम्म्या गाड्या त्या बारीक अक्षरांत मोडतात.

जाड ऑइलला जागाच नाही असं मात्र नाही. इंजिन बरंच चाललेलं असेल, ऑइल खात असेल आणि पुस्तकात एकाहून जास्त ग्रेड दिलेल्या असतील, तर त्यातली एक पायरी वरची घेतली तरी चालतं. ३० च्या जागी ४०. पण याने रोग झाकला जातो, बरा होत नाही. रिंगा झिजल्यात की व्हॉल्व्हचे सील गेलेत, ते बघावंच लागतं. गाडी विकायच्या आधी "थोडं जाड टाका" म्हणून येणारेही असतात. त्यांना मी डबा देत नाही.

डबा कुठून घ्यायचा, हाही निवडीचाच भाग. या धंद्यात मिस्त्रींसाठी कंपन्यांच्या योजना असतात. डब्यात कूपन निघतं, कोड स्कॅन केला की पॉइंट जमतात. त्यात गैर काही नाही, मिस्त्रीचा हात दिवसभर राबतो. पण कूपन कुठल्या डब्यात जास्त आहे यावरून तुमच्या इंजिनाची ग्रेड ठरायला लागली, की पंचाईत होते. मिस्त्रीला एवढंच म्हणा, डबा माझ्यासमोर फोडा. दुसरी गोष्ट रिकाम्या डब्यांची. एखादा भंगारवाला प्लॅस्टिकच्या भावापेक्षा जास्त पैसे देऊन झाकणासकट रिकामे डबे मागू लागला, की ते कुठे जाणार हे सांगावं लागत नाही. आमच्या रॅम्पवर डबा रिकामा झाला की पोऱ्या छिन्नीने त्याला दोन भोकं पाडतो, मगच पोत्यात टाकतो. तुम्हीही घरी डबा नेला तर हेच करा.

डब्यात अर्धा लिटर उरलं म्हणून ते घरच्या मोटारसायकलमध्ये ओतू नका, हेही सांगून ठेवतो. बहुतेक गिअरच्या मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. गाडीच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात, त्याने तो घसरायला लागतो. मोटारसायकलच्या डब्यावर जासो एमए असं लिहिलेलं असतं, ते त्यासाठीच.

आणि काढलेलं ऑइल? आमच्याकडे त्याला जळकं ऑइल म्हणतात आणि त्याला मागणी फार. सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला, वाळवी लागलेल्या लाकडाला फासायला, लोक कॅन घेऊन येतात. कायद्याने हा घातक कचरा आहे आणि तो नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावा लागतो. एप्रिल २०२४ पासून तर ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही वापरलेलं ऑइल परत गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवण्याची जबाबदारी टाकली आहे. कॅनवाल्यांना नाही म्हणताना वाईटपणा येतो, पण ओढ्याला आणि विहिरीला मिळणारं पाणी याच मातीतून झिरपतं.

तात्या हल्ली नव्या गाडीसाठी आले की आधी ग्लोव्ह बॉक्स उघडून पुस्तक काढतात आणि पान माझ्यासमोर ठेवतात, "वाच, काय लिवलंय." स्वतःच्या जीपला मात्र ते अजून जाडच ऑइल टाकतात. दोन्हीकडे त्यांचं बरोबर आहे. जीप बनवणाऱ्याने जाड सांगितलं होतं, हॅचबॅक बनवणाऱ्याने पातळ सांगितलंय. इंजिन ज्याने बनवलं त्याचं ऐकायचं, एवढंच या सगळ्याचं सार. ऑइल निवडायचा अधिकार आपल्याकडे फारसा नसतोच, ते काम कारखान्यात उरकलेलं असतं. आपल्या हातात तीन गोष्टी राहतात: सांगितलेली ग्रेड आणि अक्षरं असलेला खरा डबा घेणं, वेळेवर बदलणं आणि लेव्हल बघणं.

शेवटची गोष्ट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. डॅशबोर्डवरचा तो लाल ऑइलचा दिवा लेव्हलचा नसतो, दाबाचा असतो. तो पेटला तर गाडी त्याच क्षणी बाजूला घेऊन बंद करा, पुढच्या पंपापर्यंत नेऊ नका. आणि ती वेळ येऊ नये म्हणून महिन्यातून एकदा सपाट जागेवर गाडी उभी करा, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा, पट्टी काढून पुसा, पुन्हा घालून बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेच्या वरही नको आणि खालच्या खुणेच्या खालीही नको. याला पैसे लागत नाहीत, मिस्त्री लागत नाही, आणि जगातलं सगळ्यात महाग सिंथेटिक टाकलं तरी हे चुकत नाही.